सहा खाने अन् एक मांगणं

मळा, वाशीम
१२ जानेवारी २०२५

राखी,

आशीर्वाद लिहीत नाही. तू ते घेशीन का नाही याचा भरवसा नाही, फुकट वाया कायले घालवू? माहा नंबर तू ब्लॉक केला, तुह्या वहिनीचा, ज्योत्स्नाचाही केला, म्हणून हे पोस्टाचं पाकीट. पोस्टातला माणूस हसला मले. म्हणे, "भाऊ, मानोरा काय लंडन हाये? गाडीले किक मारा अन् हातानं देऊन या." त्याले काय सांगू मी?

कामाचं बोलतो. पिच्चरच्या अवार्डाची नावं परवा लागली. निकाल सोळा मार्चले. बाबाचा धोशा सुरू झाला, "राखीले लिव्ह, तिचा कागद मांगव." दर सालचं आहे हे. दर साली मी "लिवलं, बाबा" म्हणतो अन् लिहीत नाही. यंदा खरंच लिहून राह्यलो, कारण यंदा बाबाले दिसत नाही. काचबिंदू. एक डोळा मांगंच गेला होता, दुसरा दिवाळीत गेला. तीस वर्षं टॉकीजच्या केबिनमधून साऱ्या वाशीमले पिच्चर दाखवणारा माणूस आता भिंत चाचपत मोरीपावेतो जाते. तुले कोणी सांगतलं नसन म्हणून सांगतो. दया मांगून राह्यलो असं समजू नोको.

पिच्चर तरी सुटले नाही त्याइचे. मोबाईल कानाशी धरून ऐकते. मधीच म्हणते, "इथं कापलं. जोड कच्चा हाये." मी पाहतो तं खरंच सीन बदललेला असते. ज्या माणसानं रोज तुटलेल्या रिळाले जोड लावले त्याले ते कानानंही कळते म्हणे. तुले शिकवले होते तसे जोड. मले नोते शिकवले.

यंदा पिच्चर तीनच, बाकी भरती. पहिला 'नमक का पुल': घोडे, तलवारी, हिरोची दाढी बेंबीपावेतो. दुसरा 'दीदी का टेंपो': बाप मेल्यावर पोरगी भाजीचा टेंपो चालवते. तिसरा 'सत्ताईस नंबर फाटक': रेल्वेच्या फाटकावरचा माणूस, पोरगी घर सोडून गेलेली, अन् अर्ध्या पिच्चरभर कोणी बोलतच नाही. अकोल्याले जाऊन पाह्यला. झोप लागली होती, खोटं कायले बोलू.

नियम तेच, जुने. तुले माहीत आहे, पण अकरा वर्षांत माणूस विसरते. ज्याचा त्याचा कागद. खाने सहा: पिच्चर, हिरो, हिरोईन, डायरेक्टर, गाणं अन् एडिटिंग. सहावा खाना तुह्याच हट्टापायी आला, नाहीतं कोण पाहते ते नाव? खाली घडी घालून मांगणं लिहायचं. कागद देवाजवळच्या पितळी डब्यात. पहिला आला त्याचं मांगणं घरच्याइनं द्याच लागते. दोघं सारखे आले तं मोठ्याचं. आठवते का, माय एकडाव जितली होती? वाचता येत नोतं तिले, तरी जितली. तिचं एकच गणित, "ज्या बाईचं पिच्चरमंदी लेकरू मरते तिले भेटते." अन् मांगलं काय, तं बाबानं बिडी सोडायची. बाबानं तिच्यासमोर बंडल नालीत फेकलं, पुन्हा हात लावला नाही. मांगणं मोडलं असं आपल्या घरात झालंच नाही.

तं कागद पाठवजो. बाबाचा जीव त्याच्यात अडकून आहे, अन् कागद आला तं मीही समजीन का तुहं दार थोडं तरी उघडं आहे. एका खान्यापायी हरली होती तू. खेळात हारजीत होतेच. त्यापायी कोणी बापाचं घर सोडते काय? माय गेली तवा तू आली, तिचे पाय धरले, अन् पाणी न पेता चारच्या गाडीनं वापस. बाजूच्या मळ्यातल्या बाया अजून विचारते मले.

तुहा भाऊ,
हरीओम


२ फेब्रुवारी

राखी,

वीस दिवस झाले. पत्र पोचलं हे मले माहीत आहे. कसं, ते खाली सांगतो.

आधी भांडण ऐक. आपली भाजी नेणारा टेंपोवाला आहे, हेमसिंग. नवीन आहे, तू त्याले पाह्यलं नाही. पिच्चरचा निरा येडा. सकाळी कॅरेट भरता भरता म्हणे, "नमक का पुल. लिहून घे. सहाच्या सहा. घोडे मोजले काय तू?"

मी म्हणलं, "अवार्ड घोड्याले भेटते का माणसाले?"

"घोड्याले देत असते तं यंदा हिरोचा नंबर लागला नसता," म्हणे.

हिरोईनच्या खान्यावर आमचं जमते. टेंपोवाली. पण राखी, त्या पिच्चरवाल्याइले कोणी भाजी दाखवली नाही काय? एका सीनमधी ती टमाटराच्या कॅरेटवर पत्ताकोबीचे पोते रचते. वाशीमच्या मंडईत असं नेलं असतं तं चटणीच उतरवा लागली असती. गियर मात्र खरा टाकते. हेमसिंगनं दोनदा पाह्यलं.

बाबा दोघाइचं ऐकत नाही. त्याइचं फाटक. आता माहं अन् त्याइचं भांडण पिच्चरच्या शेवटावर आहे. शेवटी पहाटेची गाडी येते, फाटकाजवळ थांबते, म्हातारा कंदील घेऊन उभा, अन् पिच्चर संपते. बाबा म्हणते, "पोरगी आली." मी म्हणतो, कोणी उतरत नाही, मी डोळ्यानं पाह्यलं. बाबा म्हणते, "गाडी कायले थांबीन मंग? थांबल्याचा आवाज साफ आला मले." आता आंधळ्या माणसाले काय पुरावा देऊ? मोबाईल पुन्हा लावून देतो. ऐकते, अन् म्हणते, "आली."

आता सांगतो. गुरुवारी मी मानोऱ्याले आलतो. तुह्या स्टुडिओसमोर रसवंती आहे तिथं उभा राह्यलो. मग काचेपावेतो आलो. तू कानाले हेडफोन लावून बसली होती, समोर कोणाच्या तरी हळदीच्या व्हिडिओचं मिक्सिंग. नवरी हसते ते तू पुढं घे, मांगं घे, पुढं घे. तिचा बाप येते तिथं थांबली, थोडं कापलं, पुन्हा लावलं. मले काही समजलं नाही, पण पुन्हा लावलं तवा तो बाप खरंच रडायले आला असं वाटलं. माहं पाकीट टेबलावर होतं. फोडलेलं.

तू वर पाह्यलं असतं तं मी दिसलो असतो. नाही पाह्यलं. तीन गिलास रस पेलो अन् वापस आलो. 

केस पिकले तुहे. चौतिसाव्या वर्षी.

कागद पाठवजो.

हरीओम


१९ फेब्रुवारी

राखी,

ज्योत्स्नानं मांगचं पत्र टाकायच्या आधी वाचलं होतं. कालपावेतो काही बोलली नाही. काल म्हणे, "टमाटर लिवले, घोडे लिवले, रस लिवला. तुमच्या बहिणीचं काय लिवलं तुमी?" मी म्हणलं, तुले काय समजते. जेवलो नाही. पण ती चूक बोलली नोती.

परवा टीव्हीवाल्याइचे छोटे अवार्ड झाले. 'नमक का पुल'ले सात भेटले. हेमसिंग टेंपोचा हॉर्न वाजवतच मळ्यात शिरला. मी त्याले तुहं जुनं गणित सांगतलं, का छोटे अवार्ड जो बोरं वेचल्यासारखे वेचते तो मोठ्यात उपाशी राहते. त्याले पटलं नाही. मलेही पटत नाही, पण तू त्या गणितावर किती साल जितली.

एक सांगतो. तू हरली त्या सालची गोष्ट. कागद डब्यात पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नोतं, अन् मी डबा उघडला. तुहा कागद वाचला. खालची घडीही उघडली. "पुण्याले एडिटिंग शिकायले जायचं. बाबानं नाही म्हणायचं नाही."

 वांग्याच्या वाफ्यात जाऊन बसलो. मनात एकच, का ही गेली म्हणजे राह्यलो मी अन् हे वांगे. जन्मभर. माय-बाप म्हातारे होईन, त्याइचं मी करीन, अन् ही वर्षातून एकडाव पुण्याहून येईन तं सारं घर तिच्या मांगं फिरन. तसंही फिरतच होतं. बारकी असताना बाबा तुले केबिनमधी स्टुलावर उभं करत, ब्लेडनं रीळ कापायले देत. मी जेवणाचा डबा घेऊन यायचो तं दारातूनच घेत. "जाय, मळ्यात माय एकटी हाये." ते रीळ चिकटवायचं सोलुशन कसं असते ते मी कधी हुंगलंही नाही. तुहा राग नोता मले. तुह्याबिगर तिथं राहायची भीती वाटली. सव्वीस वर्षांचा घोडा होतो मी, तरी वाटली.

वाचणं गुन्हा असन तं तो मी केला. वाचला, ठेवला, डबा लावला. त्याच्यावर काही नाही.

यादी संग जोडली आहे. खाने भर अन् पाठव. मांगणं लिहिशीन तं लिही, नाहीतं कोरं ठेव.

हरीओम


२७ फेब्रुवारी

राखी,

मांगच्या पत्राचा शेवट खोटा आहे. तू तो वाचून हसली असशीन, नाहीतं फाडला असन.

काल महाशिवरात्र होती. बाबा ओट्यावर बसून उपासाचं रताळं खात होते, मी त्याइचा कागद भरून घेत होतो. पाच खाने झाले. सहावा आला. मी म्हणलं, "एडिटिंग कोणाले देऊ, बाबा?"

बाबा म्हणे, "तिच्या कागदात त्या साली तू कोनाले देल्लं होतं? आठोते काय?"

 मी म्हणलं, "कोणाच्या कागदात?"

"हऱ्या, मी आंधळा झालो ते दिवाळीत. तवा चांगलं दिसत होतं मले." मग रताळ्याचं साल काढत म्हणे, "तुया मायनं पाह्यलं होतं. तू कागद चुलीत टाकला तवा ती भाकरीचं पीठ घ्याले आत आली होती. तिले वाचता येत नोतं, पन डब्यातला कागद समजत होता. तिनं मले त्याच सांजले सांगतलं."

आता लिहितो. तुहा कागद मी चुलीत जाळला. नवा मी लिहिला. बाबाच्या शर्टाच्या खिशातली रिळावर खुणा करायची मेणाची लाल पेन्सिल, जिनं तू लिहायची, तीच घेतली. तुह्यासारखं वळण काढायले चार कागद खराब केले. पाच खाने तुहेच ठेवले, खालचं मांगणंही तसंच उतरवलं. सहावा तुहा कधी चुकलाच नोता, म्हणून तोच मोडला. निकाल लागला तवा तुहे पाच यायचे ते चार झाले. माहे चारच होते. सारखे आले का मोठ्याचं मांगणं. मी मोटरसायकल मांगली. मले गाडी पाहिजेच नोती, राखी. जितलो होतो तं काही तरी मांगा लागत होतं.

बाबाले म्हणलं, तुमाले माहीत होतं तं बोलले काहून नाही? तवाच माह्या कानाखाली ओढली असती.

म्हणे, "मी तुया हातचा कागद केबिनमंदी नेला अन् घडी उघडली. पुन्याचं वाचलं. मंग मी म्हनलं, राहू दे. पोरगी पुन्याले गेली असती तं वापस आली असती काय? इथंच कोठी लगन करून देऊ, डोयासमोर राहीन."

अन् त्याच वैशाखात मानोऱ्यापल्याडचं स्थळ आलं अन् तुहं लग्न लावून देल्लं. ज्या घरात टीव्ही ठेवत नोते त्या घरात. तीन वर्षांनी तू पिशवी घेऊन निंघाली ते मानोऱ्याच्या स्टँडवर उतरली. समोर वाशीमची गाडी उभी होती, तीत बसली नाही. हे मले कंडक्टरनं सांगतलं होतं. मी तवा तुलेच शिव्या देल्ल्या, का पाह्य कशी मिजास आहे.

त्या निकालाच्या दिवशीचं मले सारं दिसते. बाबा तुहा कागद वाचत होते. सहाव्या खान्याशी भलतंच नाव आलं अन् तू उठून उभी राह्यली. "दाखवा बाबा कागद." बाबानं घडी घातली, खिशात टाकला. "घाईत चुकली असशीन." तू बाबाकडं पाह्यलं. मग मायकडं. माय परातीत पाहत होती. मग माह्याकडं. अन् मेथीच्या जुड्या बांधायले गेली. अकरा वर्षं मी स्वतःले सांगत आलो का तुले वाटलं असन आपणच चुकलो. तुले तिथंच समजलं होतं ना? एकट्या माहं नाही. तिघाइचंही.

म्हणजे मी जे आज कबूल करून राह्यलो ते तुह्यासाठी जुनंच आहे. तुह्या काहीच कामाचं नाही. माह्याच छातीवरचा धोंडा मी तुह्या टेबलावर आणून ठेवला. तरी लिहिलं, कारण ते न लिहिता कागद मांगायले लाज वाटली.

राखी, यंदाचा डबा ज्योत्स्नाच्या ताब्यात देतो. मी हात लावणार नाही. तू जितली तं जे मांगशीन ते देईन. घर मांग, मळा मांग, मी टेंपोवर हमाली करीन. मायची शपथ. फक्त कागद पाठव.

हरीओम


१० मार्च

राखी!

आलं! तुहं पाकीट आलं. पोस्टमन बांधावरूनच ओरडला, "हरीभाऊ, मानोरा!" मी पाण्याचं दारं तसंच सोडून पळालो. कांद्याचा अख्खा वाफा फुटला, फुटू दे.

वरचा पत्ता लाल पेन्सिलीनं. ती तुह्याजवळ होती होय? बाबा अकरा वर्षं ती पेन्सिल शोधून राह्यले अन् मायवर, माह्यावर, ज्योत्स्नावर नाव घेऊन राह्यले! पाकीट त्याइच्या हातात देल्लं. काही सांगतलं नाही. त्याइनं अंगठा फिरवला त्या मेणावरून, एका एका अक्षरावरून, अन् म्हणे, "आली."

मी यावेळी भांडलो नाही.

उघडलं नाही, घाबरू नोको. ज्योत्स्नानं माह्यासमोर डब्यात टाकलं अन् डब्याले दोऱ्यानं बांधलं. गाठ तिची आहे, मले सुटतही नाही. सोळाले रविवार आहे. तुहा स्टुडिओ तवा बंद असन तं येऊन जाय. दुपारची गाडी आहे. नाही जमलं तरी काही नाही, कागद आला हेच लय झालं. ज्योत्स्नानं तुही खोली झाडली. त्या खोलीत लसणाच्या जुड्या टांगल्या होत्या, त्या काढल्या.

बाबानं दाढी करून घेतली. निकालाले सहा दिवस आहेत, तरी.

हरीओम


१६ मार्च

राखी,

हे पत्र मी टाकणार नाही. तरी लिहून राह्यलो.

दुपारच्या गाडीले मी स्टँडवर उभा होतो. तू नोती. घरी येऊन बाबाले म्हणलं, काम असन तिले, लगनसराई आहे. हेमसिंग आला होता त्याचा कागद घेऊन. संध्याकाळी टीव्ही लावला अन् ज्योत्स्नानं डबा मधी ठेवला.

गाणं 'नमक का पुल'ले. हेमसिंग नाचला. ते तेवढंच त्याचं. हिरोईन टेंपोवाली. मग हिरो फाटकवाला म्हातारा, डायरेक्टर फाटक, एडिटिंग फाटक, अन् शेवटी पिच्चरही फाटक. हेमसिंग म्हणे, "इतके घोडे मेले पिच्चरमंदी अन् अवार्ड भेटलं कंदिलाले." बाबा खूप हसले. लय दिवसांनी हसले.

ज्योत्स्नानं गाठ सोडली. माहे दोन आले, बाबाचे चार. मग तुहं पाकीट. मी वाचत गेलो अन् माहा आवाज चढत गेला. पिच्चर बरोबर. हिरो बरोबर. हिरोईन बरोबर. डायरेक्टर. गाणंही, हिरोईन सोडून सारे फाटकाचे असून गाणं तेवढं तू नमकले देल्लं होतं. एडिटिंग. सहा. आपल्या घरात सहा कोणालेच आले नोते, तुलेही नाही. हेमसिंग उठून उभा राह्यला, बाबाले म्हणे, "मारोतराव, पोरगी हाये का कोन हाये ही!"

बाबा म्हणे, "मी शिकवलं तिले." मग म्हणे, "मांगनं वाच."

मी घडी उघडली. मनात वाचलं. पुन्हा वाचलं.

"वाच ना, हऱ्या."

मी म्हणलं, "बाबा, ती म्हणते, डोळे एकडाव मोठ्या दवाखान्यात दाखवून घ्या."

 बाबानं मान तिरपी केली, मोबाईल कानाशी धरल्यावर करते तशी.

"जोड लावला तू," बाबा म्हणे. "आताच. ऐकू आला मले."

ज्योत्स्ना माह्याकडं पाहत होती.  एकच कागद, एकच बहीण, अन् माहा हात दुसऱ्यांदा त्याच्यावर गेला. यावेळी तं दयेपायी गेला. तवा भीतीपायी. काय फरक पडला?

"खरं वाच."

मग वाचलं. "मले पत्र लिहू नका. मानोऱ्याले येऊ नका. दोघंही."

हेमसिंगनं दुपट्टा उचलला अन् चपला घालून गेला. टीव्हीत लोक टाळ्या वाजवत होते, ज्योत्स्नानं तो बंद केला.

"खाली काही लिवलं?"

"नाही, बाबा."

"उलटून पाह्य."

"कोरं आहे."

बाबानं हात पुढं केला. मी कागद देल्ला. त्याइनं त्या ओळीवरून अंगठा फिरवला, सुरुवातीपासून शेवटापावेतो, अन् पुन्हा सुरुवातीपासून. वाचता येत असन का तसं? मले माहीत नाही.

मी म्हणलं, "बाबा, मी एकडाव जातो. फक्त एकडाव. तिचे पाय धरतो, काही बोलत नाही, अन् वापस येतो. पत्रही नाही लिहीत मंग."

बाबा म्हणे, "नालीतलं बंडल मी एकडाव उचललं होतं काय?"

मी रडलो, राखी. चाळिशीले आलेला माणूस, बायकोसमोर रडलो. मी म्हणलं होतं ना, जे मांगशीन ते देईन. घर म्हणलो, मळा म्हणलो. तू काहीच नाही नेलं. अन् तुही चूक नाही. त्या साली तुले मांगू देल्लं असतं तं आज हे मांगा लागलं नसतं.

बाबानं कागदाची घडी घालून मले वापस देल्ला. मग म्हणे, "ती फाटकावरची गाडी. थांबते ना?"

"थांबते, बाबा."

"कोनी उतरते काय?"

मी खोटं बोललो नाही. "नाही उतरत."

"बरं," म्हणे. अन् आत नेऊन सोड म्हणले.

तुहा कागद डब्यात ठेवून राह्यलो, त्याच्यावर हे. पाकीट आणलं नाही, पत्ता लिहिला नाही. लसणाच्या जुड्या ज्योत्स्ना उद्या पुन्हा त्या खोलीत टांगून देते म्हणे. हेमसिंग सकाळी पाचाले येईन, अन् मेथी बांधायची अजून राह्यली आहे.

हरीओम